मुलीला गझल गायकी शिकायची आहे, कोकणात राहून तालीम कशी करावी?

पखवाजवाला_देवगड

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरावीत आहे, कणकवलीला कॉलेजला जाते. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, प्रथम श्रेणीत. आमच्या घरात गाणं म्हणजे भजन. मी डबलबारीला (दोन भजनी बुवांचा सामना) पखवाज वाजवतो, काका बुवा होते, लहानपणी ही गजराला झांज घेऊन मागे बसायची. गेल्या वर्षापासून मात्र बाईसाहेबांच्या कानात सदान्कदा मेहदी हसन आणि बेगम अख्तर. आता म्हणते, पुढच्या विशारद परीक्षेला बसायचं नाही, गझलच गायची.

तिच्या गाण्याच्या बाई म्हणतात, ख्याल सोडलास तर गळा हातचा जाईल. ओळखीचे एक सर म्हणतात, कराओके ट्रॅकवर बसवा, बघता बघता स्टेजवर उभी राहील. मी मधल्या मधे. भजनातलं काही विचारा, सांगतो. यातलं मला ओ की ठो कळत नाही.

ख्याल चालू ठेवायचा का? उर्दू यायलाच हवी का? (आमच्या वाडीत कोणाला येत नाही.) आणि मुंबई-पुण्याला न पाठवता हे इथे बसून होण्यासारखं आहे का? एकुलती आहे, आत्ताच लांब पाठवायची माझीच तयारी नाही. कोणी स्वतः या वाटेने गेलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

रापणकर

बुवा, एवढं टेन्शन कशाला? मध्यमा झालीय म्हणजे सूर-ताल आहेच. गझल काय, शेवटी सुगम संगीतच ना? यूट्यूबवर सगळ्यांचे ट्रॅक मिळतात, शब्दसुद्धा मिळतात. माझा भाचा असाच शिकला, आता लग्नसराईत त्याला तारीख नसते. विशारदच्या थिअरीत पोरीची दोन वर्षं कशाला घालवताय?

खरजातली

रापणकर, तुमच्या भाच्याला शुभेच्छा. ट्रॅकवर गाणं आणि गझल गाणं यात फरक काय ते खाली येईलच, रागावू नका.

पखवाजवाले दादा, मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्न होऊन रत्नागिरीला आले, आता साठीला टेकलेय. आकाशवाणीवर सुगम संगीत गायले, जिल्ह्यात आणि गोव्यात छोट्या मैफली केल्या. नावाजलेली वगैरे नाही. पण तुमच्या मुलीसारख्याच घरातून आलेय म्हणून लिहिते. लांबेल.

माझे बाबा दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवत. रात्रभर नाटक करून सकाळी घरी आले की झोपण्याआधी मला समोर बसवायचे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो, त्यामुळे पेटीवाल्याचा कान सतत शब्दावर. तीच शिस्त त्यांनी मला लावली. नाट्यगीत म्हणताना मी उगाच तान मारली की भाता थांबायचा. "चेडवा, आदी शब्द सांग, मगे हरकत घे." मला भयंकर राग यायचा, कारण शेजारच्या मुलीच्या तानांना टाळ्या पडायच्या.

गझल आमच्या घरात रेडिओतून आली. रात्री मीडियम वेव्ह लांबवर पोचते. थंडीच्या दिवसांत समुद्रापलीकडची स्टेशनं आमच्या किनाऱ्यावर लागायची, खरखरत का होईना. आणि दुसरी वाट आखाताची. ऐंशीच्या दशकात कुवेत, मस्कत, दुबईला गेलेली गावची माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणायची, आणि बरोबर मेहदी हसन, गुलाम अलींच्या कॅसेटी. कॉपीवरून कॉपी मारलेल्या, तबला कुठे संपतो आणि टेपची घरघर कुठे सुरू होते ते कळू नये अशा. त्या मी इतक्या घासल्या की एकीची पट्टी बाहेर आली, ती पेन्सिलीने गुंडाळून परत लावली.

आता तुमचा पहिला प्रश्न. ख्याल अजिबात सोडू देऊ नका. तिच्या बाई बरोबर सांगतात. ती ज्यांना ऐकते त्यांनी काय केलं ते बघा. मेहदी हसन 1927 साली राजस्थानात झुनझुनू जिल्ह्यातल्या लूणा गावी जन्मले, वडील अझीम खान आणि काका इस्माईल खान हे ध्रुपदिये, तालीम त्यांच्याकडे. फाळणीनंतर पाकिस्तानात घरची परिस्थिती इतकी खालावली की त्यांनी सायकलच्या दुकानात काम केलं, पुढे मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्या दिवसांतही रियाज सुटला नाही. 1950 च्या दशकात रेडिओवर आले तेव्हा लोकांनी त्यांना ओळखलं ते ठुमरी गायक म्हणून. बेगम अख्तर लहानपणी पाटण्याचे सारंगिये इमदाद खान यांच्याकडे शिकल्या, मग पतियाळा घराण्याचे अता मोहम्मद खान, पुढे किराण्याचे अब्दुल वहीद खान. गुलाम अली तर बडे गुलाम अली खाँ आणि त्यांच्या भावांकडे तयार झाले. जगजीत सिंग, ज्यांचं गाणं लोकांना सगळ्यात सोपं वाटतं, ते श्रीगंगानगरला पंडित छगनलाल शर्मा आणि मग सेनिया घराण्याचे उस्ताद जमाल खान यांच्याकडे ख्याल, ठुमरी, ध्रुपद शिकून 1965 साली मुंबईत आले. चौघांपैकी एकही माणूस 'गझलच्या क्लास'ला गेलेला नाही.

मुलीला एवढं सांगा, तिने ऐकलेली 'रंजिश ही सही' यमन आहे आणि 'गुलों में रंग भरे' झिंझोटीवर उभी आहे. यमनची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) ज्याच्या गळ्यात नाही त्याला पहिलीतल्या जागा नुसत्या नकलून घ्याव्या लागतात, आणि नक्कल चौथ्या शेराला उघडी पडते. मात्र ख्यालातलं सगळंच गझलेला लागत नाही. द्रुत तानांची भेंडोळी बाजूला राहू द्या. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), बोलआलाप (शब्द घेऊन केलेले आलाप), संथ बढत हे घट्ट करून घ्या. तिच्या बाई ठुमरी-दादरा शिकवत असतील तर सोन्याहून पिवळं, कारण एकच ओळ चार वेगळ्या अर्थांनी म्हणायची सवय तिथे लागते.

उर्दूचं. लग्नानंतर माझं गाणं काही वर्षं बंदच होतं (बेगम अख्तरांचंही 1945 साली लग्न झाल्यावर बंद पडलं होतं, 1949 ला लखनौ रेडिओवर त्या परत गायल्या, हे मी तेव्हा स्वतःला फार वेळा सांगत असे). परत सुरू केलं तेव्हा रत्नागिरीत राजिवड्याला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर भेटले. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं. ते म्हणाले, "पहिलं नुसतं वाच. बोलतेस तसं वाच." याला तहत म्हणतात, सुराशिवाय शेर म्हणणं. गालिबच्या एकाच गझलेवर आमचा अख्खा पावसाळा गेला. पेटीला हात लावू दिला नाही.

त्या वाचण्यातून दोन गोष्टी जिभेवर बसल्या. एक, नुक्त्याची (खाली टिंब दिलेली) अक्षरं. क आणि क़, ख आणि ख़, ग आणि ग़, ज आणि ज़, फ आणि फ़. ख़ घशातून घासून यायला हवा. आपण कोकणी माणसं तो एकतर साधा ख करतो, नाहीतर खाकरल्यासारखा. दुसरी, श्वास. 'शब-ए-ग़म' असा जोड आला की 'शब' म्हणून दम घ्यायचा नाही, तो एका दमात जायला हवा. ट्रॅकवर शिकलेली मुलं नेमकी तिथे श्वास घेतात, कारण मूळ गायकाने स्वर कुठे लांबवला एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं, अर्थ कुठे तुटतो ते नाही. लिपी मी पुढे हळूहळू शिकले. तुमच्या मुलीला सुरुवातीला देवनागरीत नुक्ते देऊन लिहिलेलं पुरेल, पण ऐकवायला आणि टोकायला उर्दू जाणणारा माणूस हवाच. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात मुस्लिम वस्त्या आहेत, चौकशी केलीत तर एखादे मास्तर किंवा मौलवी सापडतील. सर फी घ्यायचे नाहीत. उलट रमजानात त्यांच्या घरून आमच्याकडे सांदणं यायची.

आता खरा मुद्दा, जो मला बाबांच्या पेटीमुळे अर्धा आधीच कळला होता. शेराला दोन ओळी. पहिली ओळ प्रश्न उभा करते, दुसरी तो सोडवते, आणि दुसरीच्या शेवटी काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्यामागे दर वेळी तसाच येणारा शब्द). ऐकणाऱ्याला रदीफ काय येणार ते मतल्यातच, म्हणजे पहिल्या शेरातच, कळलेलं असतं, काफिया कुठला येतो याकडे त्याचं लक्ष. म्हणून जो काही विस्तार करायचा तो पहिल्या ओळीत. गळाला मासा लागला की दोरी सैल-घट्ट करत राहावं, तसं पहिल्या ओळीशी खेळा. ती तीनदा म्हणा, चारदा म्हणा, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दावर वजन द्या. दुसरी ओळ मात्र पहिल्यांदा देताना सरळ, अख्खी, मधे मुरकीसुद्धा न घेता द्यायची. काफिया हरकतीत बुडाला की शेर मेला, मग मागून कितीही सुंदर गा. समोरच्याने 'वाह' म्हटली की मग घ्या परत, मग काय हवी ती नक्षी काढा.

अजून एक, आणि हे खास भजनाच्या घरातल्या मुलांसाठी. आपल्याकडे डबलबारीला वरच्या पट्टीत, छातीवरून, समोरच्या बुवाच्या डोक्यावरून आवाज जाईल असं गातात. मला तेच वळण होतं. रेडिओच्या आवाज चाचणीआधी माझ्या बाईंनी पट्टी एक स्वर खाली आणायला लावली आणि सकाळी फक्त खरज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. मंद्र पंचमापर्यंत आवाज न थरथरता टिकायला हवा, कारण गझलेतलं अर्धं बोलणं तिथे होतं. मायक्रोफोन असताना ओरडायचं कशाला, हे कळायला मला फार वेळ लागला नाही, पण गळ्याला वळायला लागला. तुमच्या मुलीचं वय सोळा-सतरा, आवाज अजून बसतोय, तिला पट्टी तिच्या बाईंनीच ठरवून द्यावी. मेहदी हसनच्या पट्टीत गायचा हट्ट मात्र बिलकुल करू देऊ नका.

पखवाजवाला_देवगड

ताई, दंडवत. हे एवढं मला कोणी सांगितलं नव्हतं. काल रात्री मुलीला वाचून दाखवलं, यमनचं वाचल्यावर तोंड बारीक झालं, आणि आज सकाळी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर खरज लावून बसली होती. बघू किती दिवस.

एक विचारतो. घरात तबला आहे, मीच साथ केली तर चालेल का? बाहेरून तबलजी आणायचा म्हणजे दर वेळचा खर्च.

कुडाळचा_दाया

दादा, तबल्याचं मी सांगतो. मी दोन्हीकडे वाजवतो, भजनात आणि मैफलीत.

साथ जरूर करा, पण पहिली अडचण तुमचीच होणार. भजनात गजर चढत जातो. हळू सुरू करायचं आणि टिपेला न्यायचं, लय वाढली नाही तर मंडळी उठून जातील. आपले हात आपसूक पुढे धावतात. गझलेत लय जिथे लावली तिथेच राहिली पाहिजे, गाणाराने पहिली ओळ कितीही वेळ ताणली तरी. मी पहिल्यांदा एका गझल गाणाऱ्याबरोबर बसलो तेव्हा त्यांनी हातानेच खूण केली, मागे राहा. घरी लय धरायला मेट्रोनोम लावा, लाज वाटून घेऊ नका.

ठेके फार लागत नाहीत. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठचा, रूपक सातचा, कधी दीपचंदी चौदाचा. पण ते साधे, भरीचे बोल न घालता वाजवायचे. तुमचा सगळा हुनर दोन शेरांच्या मधे. शेर पुरा झाला, गाणारा रदीफ धरून राहिला की तेव्हा लग्गी (जलद लयीतले बोल) लावायची, दोन-चार आवर्तनं, तिहाई घेऊन समेवर सोडायचं की परत साधा ठेका. गाणारा पुढचा शेर उचलतोय आणि आपण अजून लग्गीत, असं झालं की मैफल संपल्यावर चहासुद्धा कोणी विचारत नाही.

रूपकाची सम खालीच्या मात्रेवर (जिथे टाळी नसते तिथे) असते हे तुम्हाला सांगायला नको. मुलीला मात्र टाळी देऊन रूपकात नुसते शब्द म्हणायला लावा. भजनातल्या मुलांना केरव्याची इतकी सवय असते की सातव्या मात्रेनंतर आठवी शोधत बसतात.

आणि पावसाळा. आपल्या हवेत पुडी (तबल्याचं चामडं) ओली होऊन स्वर उतरतो, जून ते सप्टेंबर तबला हवा तिथे राहत नाही. पेटीत बंद करून ठेवू नका, कोरड्या कापडात गुंडाळून बल्बच्या जवळ ठेवा, फार जवळ नको, वादी कडक होते. मी बसण्याआधी अर्धा तास काढून ठेवतो.

गालगागा

चर्चा उत्तम चालू आहे, पण एक गोष्ट खटकते. देवगडची मुलगी, मातृभाषा मराठी, मग गझल उर्दूतूनच का सुरू करायची? माधव जूलियनांनी गझल मराठीत आणली, सुरेश भटांनी ती घराघरांत नेली. त्यांची 'गझलेची बाराखडी' तर शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहे. भीमराव पांचाळे इतकी वर्षं मराठी गझलेच्या मैफली करतायत, तेही विदर्भातल्या खेड्यातून येऊन. उच्चाराचं ओझं नाही, अर्थ पोचतो, आणि वृत्तही पक्कं असतं. उर्दूत वृत्तासाठी दीर्घ अक्षर ऱ्हस्व करून म्हणायची मुभा असते, आपल्याकडे लघु-गुरू ठरलेले. नवशिक्याला मराठीच सोपी.

रापणकर

मी शब्द मागे घेत नाही, भाचा खरंच बिझी आहे. पण त्या श्वासाच्या मुद्द्यावर काल त्याचं गाणं परत ऐकलं. ताई म्हणतात तिथेच घेतो.

खरजातली

गालगागा, सुरुवात मराठीने करावी याला माझा पूर्ण दुजोरा आहे, कारण मात्र थोडं वेगळं. मराठी सोपी म्हणून नव्हे. शब्दावर वजन चुकलं तर स्वतःच्या भाषेत ते लगेच कानाला लागतं, परक्या भाषेत लागत नाही. 'केव्हातरी पहाटे' घ्या. भटांची गझल, हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा आवाज, त्यामुळे सगळे ते गाणं म्हणूनच ऐकतात. मुलीला आधी ते गाण्यासारखं नव्हे, गझल म्हणून वाचायला सांगा. रदीफ 'रात गेली', काफिये 'उलटून', 'हरवून' असे चालत जातात. वृत्त आनंदकंद, गागालगा लगागा दोनदा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). बोटावर मोजत वाचलं की कळतं, 'उलटून'मधल्या पहिल्या दोन लघूंनी मिळून एका गुरूची जागा घेतली आहे. हे कळल्यावर तिथे हरकत कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण मराठीवर थांबू नये. तिला ज्या आवाजाने वेड लावलं तो उर्दूतला आहे, आणि वेड लागलेल्या गोष्टीपासून पोराला लांब ठेवलं की ते दोन्ही सोडतं. दोन्ही चालू राहू द्या, एक मराठी, एक उर्दू.

दादा, रियाजाचं थोडक्यात. सकाळी उठल्यावर खरज, मग बाई देतील ते पलटे, मग एकच राग निदान दोन-तीन महिने. संध्याकाळी पेटी न घेता गझल नुसती वाचायची, तुम्ही टाळी धरा. मग पेटीवर फक्त मतला. मतला मनासारखा बसेपर्यंत पुढचा शेर नाही. छापलेल्या गझलेत दहा-बारा शेर असतात, गायला चार-पाच पुरे. प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो, त्यामुळे मधले कोणतेही निवडता येतात, मतला पहिला आणि मक्ता (कवीचं नाव येणारा शेवटचा शेर) घेतला तर शेवटी, एवढंच पाळायचं. निवड तिलाच करू द्या आणि हाच का निवडलास ते विचारा. उत्तर 'चाल छान लागते' असं आलं तर तो शेर बाजूला ठेवायला सांगा.

विशारदला बसवा. परीक्षेच्या कागदासाठी नाही, तेवढे राग त्या निमित्ताने गळ्याखालून जातात म्हणून. पुढे आकाशवाणीची चाचणी द्यायची झाली तरी तयारी याच्यातूनच होते. मुंबईचं तीन-चार वर्षांनी बघा, तोवर पुरेल एवढं काम इथे आहे. आणि दाया म्हणतात ते मेट्रोनोमचं खरंच मनावर घ्या, पखवाजवाल्यांशी माझा जुना अनुभव आहे.

मे महिन्यात मी वेंगुर्ल्याला माहेरी असते. मुलीला घेऊन या, व्यक्तिगत संदेशात पत्ता देते. एक मराठी गझल वाचून तयार करून आणा, गाऊन नको. पेटी आणू नका, बाबांची आहे. तबला मात्र तुमचा लागेल.

पखवाजवाला_देवगड

येतो ताई. ती आत्ताच विचारतेय, वाचायचं म्हणजे पाठ करून की कागद बघून?

खरजातली

पाठ.